उकंड्यावरचं नाव

पत्रिकांचा खोका पवननं दुकानाच्या फळीवर ठेवला आणि तो बाहेर मोटारसायकलवर जाऊन बसला. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका छापून आणलेला नवरदेव असा दूर जाऊन बसत नाही. त्याच्या बापानं, उकंडा इंगोलेनं, हातातली मोटार बाजूला सारली, बोटांचं वार्निश चिंधीला पुसलं आणि खोक्यातली वरची पत्रिका काढली.

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागे त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळक्या मोटारी शेतकरी त्याच्यापुढं आणून टाकतात. तो त्यांच्या पोटातली काळी पडलेली तांब्याची तार उपसतो आणि नवी भरतो. पन्नाशी कधीच ओलांडली, तरी हात तरणा आहे. डोकं मात्र पहिल्यापासून गरम. गिऱ्हाइकानं 'झाली का मोटार?' असं दुसऱ्यांदा विचारलं, की तो मोटार उघडीच त्याच्या पायाशी नेऊन ठेवतो आणि म्हणतो, "घे, तूच भर."

त्यानं पत्रिका वाचली. गणपती, कुलदैवत, मग पवनचं नाव. त्याखाली ठळक अक्षरांत 'श्री. उत्तमराव दौलतराव इंगोले यांचे चिरंजीव'.

दौलतराव त्याचे वडील, ते बरोबर होतं. गाव धनज, तेही बरोबर. त्यानं पुन्हा वाचलं. मग त्यानं हाक मारली, आणि ती ऐकून दुकानातला त्याचा जोडीदार किसनसिंग हातातलं बेअरिंग खाली ठेवून उभाच राहिला.

"पवन! हा उत्तमराव कोन होय बे?"

पवन दारात आला. "बाबा, आवाज कमी करा. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. तुह्या लग्नात तुहा बाप कोन हाय, हे मले समजाले नोको काय?"

"तुमीच हाव. म्या सोताच छापून आनलं ते. 'उ'चा 'उ' तं ठेवला ना."

"'उ'चा 'उ' ठेवला! लय उपकार झाले तुहे."

"बाबा, अर्धं वाशिम येईन लग्नाले," पवन खालच्या आवाजात म्हणाला. तो वाशिमला एका विमा कंपनीच्या कचेरीत नोकरीला आहे, आणि होणारे इवाई, नवरी वर्षाराणीचे वडील जगदेवराव, यांचं तिथं मोठं कृषी केंद्र आहे. "स्टेजवर माईकमधून नाव पुकारतात. उकंडा इंगोले यांनी स्टेजवर यावं, असं म्हनलं का हशा पिकते. वर्षाराणीच्या मैत्रिनी हासतीन, माहे कचेरीतले हासतीन. आन तुमाले तरी कुठी ते नाव पटत होतं? दहावीत तुमीच बदलाले निंगाले होते. आजीनंच सांगतलं मले."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते वर्मी लागलं. उकंडानं पत्रिका खोक्यात फेकली. खोका पायानं ढकलला तो थेट रस्त्यावर गेला, आणि गुलाबी पत्रिका बसस्टँडच्या धुळीत पसरल्या. पवननं त्या गोळा केल्या. बापानं एकही उचलली नाही.

त्या नावापायी उकंडानं काय काय सोसलं होतं, ते पवनला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं निराळं, सोसणं निराळं.

धनजला त्याच्या आईची, रंगूबाईची, आधीची लेकरं जगली नव्हती. किती होती, मुलगे की मुली, हे घरात कुणी बोलत नसे. मग हा झाला. बाळंतपण करणाऱ्या सोजरबाईनं पोराला अंगावरचं पुसायच्याही आधी सुपात घेतलं आणि घरामागच्या उकंड्यावर नेऊन ठेवलं. उकिरड्याला, शेणाकचऱ्याच्या ढिगाला, वऱ्हाडात उकंडाच म्हणतात. तिथं उभी राहून ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "कोनाचं टाकून देल्लं पोट्टं हाय वं इथी! कोनाले पायजे काय?" रंगूबाई ओली बाळंतीण, भिंतीला धरत मागच्या दारात आली. तिनं मूठभर कोंडा दिला आणि आपलंच लेकरू विकत घेतलं. वर जो कोणी लेकरं न्यायला टपून बसला होता त्याला कळावं, की ह्या घरात काही जन्मलेलं नाही. ह्यांनी फक्त कचरा उचलून आणला. नावही तेच ठेवलं, म्हणजे त्याचा संशय कधीच फिटू नये.

पोरगं जगलं. पण शाळेत गुरुजी हजेरी घेताना त्याच्या नावाशी यायचे आणि दोन बोटांनी नाक दाबून धरायचे. वर्ग खदखदायचा. गुरुजींना स्वतःचा हा विनोद इतका आवडला होता, की सातवीपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. पावसाळ्यात पोरं म्हणायची, "सरका रे, उकंडा भिजला, वास सुटला." असं म्हणणाऱ्या एकाचा दात उकंडानं पाटी मारून पाडला. मग बापानं त्याला गोठ्यात बांधून झोडपलं. पोराचा हात का सुटला, हे त्याला कुणी विचारलं नाही.

दहावीच्या वर्षी त्यानं उमेश हे नाव ठरवलं. कसं कळलं कोण जाणे, रंगूबाई शेतातून तशीच, कमरेला विळा खोचलेली, शाळेत आली आणि हेडमास्तरांच्या दारात बसली. "नाव बदललं तं मी इथीच डोस्कं फोडून घेईन," म्हणाली. तिनं कारण सांगितलं नाही. हेडमास्तर घाबरले. उमेश तिथंच संपला. उकंडा पुढं कितीतरी दिवस आईच्या हातचं जेवला नाही. दहावीत गणितात गेला, अकोल्याला पळाला आणि एका वाइंडिंगच्या दुकानात राहून हा धंदा शिकला.

लग्नाचं वय झालं तेव्हा कारंज्याच्या एका घरी मुलगी पाहायला गेला. पाहुण्यांनी नाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि आतल्या खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. पोह्यांची बशी तशीच खाली ठेवून तो निघून आला. पुढं जिजा मिळाली. तिच्या बापानं नाव ऐकून मान डोलावली, इतकंच. पण लग्नात बायांनी तिला उखाण्याचा आग्रह केला, तिनं नवऱ्याचं नाव नीट, ठासून घेतलं, आणि मांडवातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानंतर जिजानं हळदीकुंकवात कधी उखाणा घेतला नाही. उकंडानं दुकान टाकलं तेव्हा पाटीवर फक्त 'इंगोले मोटार वाइंडिंग' लिहिलं.

असा हा माणूस. पवनच्या जागी दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं, की नाव बदलून मिळालं तर हा खूशच होईल. पण गेल्या दिवाळीत एक गोष्ट घडली होती, आणि पवननं ती कानांआड केली होती.

निकिता, पवनची धाकटी बहीण, अमरावतीला इतिहासात एम.ए. करते. तिनं अभ्यासाला विषय घेतला तो जुन्या ग्रीक लोकांच्या नावांचा. ती नावं आली कुठून, त्यांचे अर्थ काय. बापाला आधी ते थेरच वाटलं. "आपल्या गावात नावं कमी पडली काय, का तू ग्रीसात चालली?" पण सुट्टीत ती डबा घेऊन दुकानात यायची, बोलत बसायची, आणि वाइंडिंगचं काम असं असतं की हात चालतात, कान मोकळे राहतात.

"थ्या लोकाइले घोड्याचा लय शौक, बाबा. ज्याच्या दारात घोडा, तो मोठा मानूस. मंग नावात घोडा घालत. फिलिप म्हंजे घोड्यावर जीव असनारा. एका बाईचं नाव क्सांतिप्पे, म्हंजे पिवळी घोडी."

"आन बाईनं आयकून घेतलं?"

"तिथी तो मान होता. थिओडोर म्हंजे देवानं देल्लेला."

"म्हंजे आपला देवदत्त."

"तेच तं. मेलिस्सा म्हंजे मधमाशी. लिओन म्हंजे सिंह."

किसनसिंग खूश झाला. "मंग आमचा सारा सिंगाइचा तांडाच ग्रीक हाय की वो!"

उकंडालाही गोडी लागली. ती नावं दोन तुकडे जोडून केलेली असत, हे त्याला फार पटलं. एक तुकडा बापाच्या नावातला, एक आईच्या, असंही कधी जोडत. थोरल्या मुलाला बहुधा आजोबाचं नाव जाई. निकिताचं स्वतःचं नावही तिकडूनच फिरत आलं असावं, असं ती म्हणाली: निकेतास म्हणजे जिंकणारा, ते पुरुषांचं नाव, रशियात निकिता झालं, आणि इकडं येईपर्यंत पोरीचं. "मी तं दवाखान्यातल्या नर्सबाईच्या पोरीचं आयकून ठेवलं होतं," उकंडा म्हणाला आणि पोरीकडं जरा नव्यानं पाहिलं. विकत घेतलेल्या गुलामांचंही तिनं सांगितलं. बाजारातून माणूस आणला, की मालक त्याला आपल्या मर्जीचं नाव द्यायचा. सिरियातून आणला असेल तर सरळ सिरोस म्हणून हाक. आईबापानं ठेवलेलं नाव कुणी विचारत नसे.

मग एका दुपारी त्यानं तार ओढता ओढता, मान वर न करता विचारलं, "त्याइच्यात माह्यासारकं कोनी नोयतं काय? का सारेच घोडे आन सिंह?"

निकिता डबा आवरू लागली.

"इचारलं मी काही."

"होते," ती म्हणाली. "ग्रीक बोलनारे लोक इजिप्तमंधी राहात. तिथल्या वाळूत त्याइचे जुने कागद टिकले, त्याच्यात नावं हायेत. कोप्रेउस. पोरगी असली तं कोप्रिया. कोप्रोस म्हंजे शेन, घान. कोप्रेउस म्हंजे उकंड्यावरचा."

उकंडानं मान वर केली.

"हे तुले कवापासून माईत हाय?"

"झाले काही महिने."

"आन तुनं लपवलं?"

"तुमी रागावसान म्हनून, बाबा."

"लपवलं म्हनून रागावून राह्यलो मी!" तारेचं रीळ त्यानं फळीवर आपटलं. "घोडे सांगतले, मधमाशा सांगतल्या. आन माह्यं नाव भेटलं तं तुले लाज आली? सांग सारं. कायचे होते ते लोक?"

तिनं सांगितलं. काही लेकरं खरोखरच टाकलेली असत. लोक ती उकंड्यावरून उचलून आणत, बरेचदा गुलाम म्हणून वाढवत, आणि नाव तेच पडे. पण सगळ्यांचं तसं नव्हतं. चांगल्या खात्यापित्या घरांतही हे नाव सापडतं. बाप कोप्रेउस, मुलगा कोप्रेउस. काही अभ्यासकांना वाटतं, की लेकराला नजर लागू नये, ते जगावं, म्हणूनही असं नाव ठेवत असतील. आणि एकदा तो माणूस जगला, वाढला, की मग ते घराण्याचं नाव होई, नातवाला मिळे.

"नातवाले?" उकंडानं विचारलं.

"व्हय."

"आपल्या मनानं ठेवत?"

"व्हय बाबा."

उकंडा उठला. त्याला एकदम तो गुरुजी दिसला, दोन बोटांनी नाक दाबलेला. दोन हजार वर्षांपूर्वी कुठल्या तरी वाळवंटात कुठली तरी रंगूबाई आपलं पोर वाचवायला उकंड्यावर गेली होती, आणि ह्या हलकटाला त्यात हसू सापडलं. गुरुजी मरून बरीच वर्षं झाली होती. तो जिवंत असता तर बरं झालं असतं, असं उकंडाला त्या दिवशी फार वाटलं.

संध्याकाळी त्यानं पेंटरला बोलावलं. "पाटी नवी लिव्हाची. उकंडा इंगोले मोटार वाइंडिंग." पेंटरनं विचारलं, "पुरं नाव लिव्हू?" "तुले लिव्हता येत नाई काय?" उकंडानं विचारलं.

त्या पाटीचा फोटो पवनच्या मित्रांमध्ये फिरला. त्याखाली कुणी काय काय लिहिलं ते पवननं घरी सांगितलं नाही. पण पत्रिकेवर उत्तमराव आला तो तिथून.

आता पत्रिका आल्यापासून घर दोन दिवस धुमसत होतं. जिजानं दोघांनाही समजावलं आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. निकितानं अमरावतीहून भावाला फोन करून चार गोष्टी सुनावल्या. बापाला ती म्हणाली, "उत्तम म्हंजे थ्याइचा अरिस्तोन. सगळ्यात चांगला. तिथीबी अशा नावाइचा लय सोस होता, बाबा. पवननं काही वंगाळ नाव नाई ठेवलं."

"वंगाळ नाई, पन माह्यं नाई," उकंडा म्हणाला. "मले त्यानं बाजारातून इकत आनलं काय, पाह्यजे ते नाव द्याले? सिरोस झालो मी घरच्या घरी!"

पवनचंही खोटं नव्हतं. नव्या पत्रिका छापायच्या तर मुलीकडं काय सांगायचं? त्यांच्या पत्रिका वाटूनही झाल्या होत्या, त्यांतही उत्तमरावच होता. जगदेवराव फोनवर हसून म्हणाले, "आता राहू द्या हो. लग्न पोरांचं आहे, नाव कोण पाहतो?" फोन स्पीकरवर होता. उकंडा शेजारून ओरडला, "मंग तुमचंच बदला!" पवननं घाईनं फोन कापला.

तरी पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी घरच्या थोर माणसाला, हा रिवाज मोडायला जिजा तयार नव्हती. रंगूबाई धनज सोडून यायला राजी नसते. पुतण्याच्या आधारानं, आपल्याच घरात राहते. डोळ्यांनी कमी दिसतं, कानांनी मात्र आळीतल्या कुणाच्या घरी काय चाललंय ते कळतं. रविवारी तिघं धनजला गेले. उकंडा आईच्या पायाला हात लावून दाराशी जाऊन बसला, कुणाशी बोलायचंच नाही अशा बेतानं.

पवननं पत्रिकेला हळदकुंकू लावलं, आजीच्या पुढ्यात ठेवली. "आजी, लग्न हाय माह्यं. तुले याच लागन."

"वाच ना रे बाबू. कोनाकोनाचे नावं टाकले?"

पवननं बापाकडं एकदा पाहिलं. मग भराभर वाचू लागला. देवांची नावं झाली, त्याचं झालं. "श्री. उत्तमराव दौलतराव इंगोले यांचे—"

"काय म्हनलं?"

"उत्तमराव, आजी. ते बाबाचंच—"

म्हातारीनं हात लांब केला, पत्रिका चाचपडून घेतली आणि टरकन फाडली. चार तुकडे केले, आठ केले. जिजा ओरडली, "माय, अपशकुन व्हते वो!" पण रंगूबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं पवनचा शर्ट गळ्याशी धरला. इतक्या म्हाताऱ्या हातात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"कोनं सांगतलं तुले हे नाव? बोल! कोनं सांगतलं?"

"कोनी नाई, आजी. म्या मनानंच—"

"मनानं? माह्या पोराले मारू राह्यला काय तू मनानं?"

उकंडा दारातून उठून आला. त्यानं आईचे हात सोडवले. ती थरथरत होती, आणि ते भीतीनं नव्हे, रागानं. तो राग उकंडाला ओळखीचा होता. आरशात पाहिलेला होता.

"माय, काय झालं? कोन उत्तम?"

पवन गळ्याशी हात धरून भिंतीला टेकला होता. मग ती बोलली ती कुणाकडं न पाहता.

"तुहा मोठा भाऊ. पहिला. चांगला गोरापान होता. तुह्या बापानं नाव ठेवलं उत्तम. साऱ्या गावाले जिलेबी वाटली. बसाले लागला होता आन गेला. मंग पोरगी झाली, सोना. तिचं बारसं मी धडाक्यानं केलं. तेबी गेली. चांगली नावं ठेवली होती रे मी. दोघाइलेबी चांगली ठेवली होती. ज्याले न्यायाचं असते, तो चांगलंच पाहून नेते."

"मले काहून नाई सांगतलं कधी?" उकंडा म्हणाला. आवाज चढला होता, त्याला तो आवरता येईना. "मी तुह्या संग बोलत नोयतो, जेवत नोयतो, तवाबी तोंड उघडलं नाई तुनं! हेडमास्तरले नाई सांगतलं, मले तरी सांगाचं!"

"कशी सांगू? त्याचं नाव घेतलं असतं तं त्या नेनाऱ्यानं आयकलं असतं ना!" तीही ओरडली. "म्हनलं असतं, अजून एक हाय काय हिच्या घरी? तुले हासले लोक, म्हंतं तू. मी काय बहिरी होती? मलेबी आयकू येत होतं. म्या म्हनलं, हासा. किती हासाचं तितकं हासा. मले पोरगं पायजे होतं!"

पवन पुढं झाला. "आजी, मले खरंच काही माईत नोयतं."

"इचारलं होतं काय तुनं?" उकंडा त्याच्यावर उखडला. "बापाचं नाव खोडताना एक डाव इचाराचं होतं, हे कोनं ठेवलं आन कायले ठेवलं!" बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की आपणही पन्नास वर्षांत हे कधी विचारलं नाही. त्यामुळं तो जास्तच भडकला आणि बाहेर अंगणात निघून गेला. घरामागं जिथं उकंडा होता तिथं आता सिमेंटचा रस्ता झाला होता. तो त्या रस्त्यावर थोडा वेळ इकडून तिकडं फिरला. पायाला दुसरं काही सापडेना म्हणून एक दगड लाथाडला.

परत जाताना मंगरूळपीर जवळ आलं तेव्हा पवन म्हणाला, "जितक्या पत्रिका आपल्या हातात हायेत, तितक्यावर तुमच्या नावाच्या चिठ्ठ्या लावतो. त्याइच्या वाटून झाल्या, त्याचं मी काही करू शकत नाई. पन सूत्रसंचालकाले सांगतो."

"सांग," उकंडा म्हणाला.

पवननं चिठ्ठ्या लावल्या. एकेक पत्रिका घेऊन, डिंकानं, आठवडाभर. सूत्रसंचालकालाही त्यानं सांगितलं. पण लग्न वाशिमच्या लॉनवर, सूत्रसंचालक मुलीकडचा, आणि त्याच्या हातात मुलीकडचीच पत्रिका. अक्षता पडल्या, आहेर सुरू झाले, आणि माईकमधून आवाज घुमला, "वराचे पिताश्री, माननीय उत्तमरावजी इंगोले यांना विनंती, त्यांनी मंचावर यावं."

उकंडा खुर्चीतून हलला नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. पवन स्टेजवरून हातानं त्या माणसाला खुणावत होता, त्याला वाटलं आणखी मोठ्यानं पुकारायचंय. तिसऱ्यांदा त्यानं 'उत्तमरावजी' असं काही लांबवलं, की सगळं लॉन इकडं तिकडं पाहायला लागलं. पुढच्या सोफ्यावर निकिताच्या शेजारी रंगूबाई बसली होती, नवं नऊवारी नेसून. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

ते पाहून उकंडा उठला. स्टेजच्या पायऱ्या चढला, त्या माणसाच्या हातातून माईक घेतला. जगदेवराव हसत हसत पुढं आले होते, ते थांबले.

"उत्तम माह्या मोठ्या भावाचं नाव होतं," तो म्हणाला. माईक जवळ धरल्यामुळं आवाज फाटत होता. "तो तान्हा असतानाच गेला. त्याले आवाज देऊ नोका, तो येत नाई. माह्यं नाव उकंडा हाय. मी जगावं म्हनून माह्या मायनं मले उकंड्यावर ठेवलं होतं. म्हनून मी जगलो, म्हनून हा नवरदेव उभा हाय. आता ज्याले हासाचं असन, त्यानं हासून घ्या. मी थांबतो."

आणि तो खरोखर थांबला. माईक हातात घेऊन, समोरच्या लोकांकडं एकटक पाहत. मागं पोरांच्या घोळक्यात कुणीतरी खिदळलं. उकंडानं तिकडं पाहिलं, पाहतच राहिला, आणि ते खिदळणं आपोआप गिळलं गेलं. मग त्यानं माईक परत दिला. जगदेवरावांनी दोन्ही हात जोडले. गळाभेट घ्यावी की नाही ते त्यांना कळेना. उकंडानंच त्यांना कवेत घेतलं, जरा जोरातच, आणि कानात म्हणाला, "सांगतलं होतं ना फोनवर."

पवनची मान खाली होती. त्याला लाज वाटत होती की राग आला होता, ते उकंडाला कळलं नाही, आणि त्यानं विचारलंही नाही. वर्षाराणी मात्र वाकून पाया पडली आणि उठताना म्हणाली, "मला आधी सांगायला पायजे होतं ह्यांनी."

"त्याले सांग ते," उकंडा म्हणाला.

बापलेकांचं बोलणं त्या दिवशी झालं नाही, पुढंही बरेच दिवस कामापुरतंच झालं. सूनबाई मंगरूळपीरला आली, की सासऱ्याचा डबा घेऊन दुकानात येते. पवन गाडीवरूनच हॉर्न वाजवतो.

त्या दिवशी स्टेजवरून उतरल्यावर पाण्याच्या टाकीशी जाऊन उकंडानं तोंड धुतलं. दोन-तीन म्हातारे ओळख नसताना जवळ आले. एकानं सांगितलं, त्याच्या आत्याचं नाव असंच काही होतं, पण आता कुणी घेत नाही. उकंडा त्याला म्हणाला, "मंग घ्या ना. कोनं धरलं तुमाले?"

तेवढ्यात जेवणाच्या पंक्तीकडून रंगूबाईची हाक आली. एवढ्या गर्दीत, बँड वाजत असताना, तिची खणखणीत हाक सगळ्या लॉनवरून आली.

"उकंड्या! अरे उकंड्या! जेवला काय रे?"

कितीतरी माना वळल्या. उकंडा गर्दीतून वाट काढत गेला. आई पुढ्यातल्या ताटाकडं बोट दाखवून त्याच्यावरच चिडली होती. "वरनात मीठ नाई. एवढे पैशेवाले लोक, आन मीठ नाई वरनात!"

"आनतो," तो म्हणाला आणि मीठ आणायला वाढप्यांच्या टेबलाकडं गेला.